अमर झाला, मग मेला कसा? : वाचकांचे प्रश्न

चिनी साधना-कादंबऱ्या आणि त्यांच्यावर बेतलेले गेम या विषयावर आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. माणूस साधना करत करत पायरी-पायरीनं वर चढतो आणि शेवटी ‘अमर’ होतो, असा या कथांचा साचा. बहुतेक पत्रांची गाडी त्या शेवटच्या पायरीवरच अडली आहे.

प्रश्न : दोन हजार प्रकरणं वाचल्यावर नायक एकदाचा ‘इमॉर्टल’ झाला. पुढच्याच प्रकरणात दुसऱ्या इमॉर्टलनं त्याच्या गुरूला एका फटक्यात संपवलं. गुरूही इमॉर्टलच होता. अमर माणूस मरतो कसा? लेखक विसरला का? – वाचक, महाल

लेखक विसरलेला नाही, घोळ भाषांतरात आहे. मूळ चिनी शब्द ‘श्येन’. तो लिहिताना ‘माणूस’ आणि ‘डोंगर’ ही दोन चिन्हं शेजारी जोडतात. वस्ती सोडून डोंगरात गेलेला, म्हातारपण मागे टाकलेला सिद्ध पुरुष, असा त्याचा भाव. ‘कधीच न मरणारा’ हा अर्थ इंग्रजी शब्दानं त्याला चिकटवला आणि आपण वाचतो ती भाषांतरं बहुधा इंग्रजीच असतात.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : चिरंजीव. लग्नपत्रिकेवर आपण ‘चि.’ छापतो, तेव्हा नवरदेव कधीच मरणार नाही असं कोणी समजत नाही. चिर म्हणजे दीर्घ. श्येन हा चिरंजीव असतो, अमर असेलच असं नाही. शिवाय या कथांत ते एका दर्ज्याचं नाव आहे, तहसीलदार किंवा कलेक्टर असावा तसं. कलेक्टरपदाला पोचलेल्या माणसालाही त्याच्यावरचा साहेब असतोच.

वाचताना मरणाच्या दाराला एकच कुलूप आहे असं धरू नका, चार धरा. पहिलं वयाचं : शरीर म्हातारं होणं थांबतं. दुसरं इजेचं : कापलेला हात परत येतो. तिसरं आत्म्याचं : देह गेला तरी ‘मी’ उरतो. चौथं नोंदीचं : मृत्यूच्या वहीतून नावच निघून जातं. ‘इमॉर्टल’ दर्ज्याला पोचलेल्याचं पहिलं कुलूप बहुतेक कथांत लागलेलं असतं, बाकीची लागलेली असतीलच असं नाही. आपला अश्वत्थामा आठवा. वयाचं कुलूप लागलं, पण इजेचं उघडंच राहिलं, म्हणून तो कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो.

चिनी परंपरेत ही प्रतवारी फार जुनी आहे. चौथ्या शतकात गे होंग या किमयागारानं सिद्धांचे तीन दर्जे दिले : देहासकट आकाशात जाणारा स्वर्गसिद्ध, पवित्र डोंगरांत हिंडणारा भूसिद्ध, आणि आधी मरून मग कात टाकावी तसा देह सोडणारा तिसरा. सोळाव्या शतकातल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीत हीच उतरंड फळांवर मांडली आहे. स्वर्गातल्या पीचच्या बागेत ३६०० झाडं. पुढची १२०० झाडं ३००० वर्षांनी पिकतात, ते फळ खाणारा सिद्ध होतो. मधली १२०० झाडं ६००० वर्षांनी पिकतात, ते फळ म्हातारपण थांबवतं. मागची १२०० झाडं ९००० वर्षांनी पिकतात, आणि ते फळ खाणाऱ्याचं आयुष्य आकाश-पृथ्वीइतकं होतं. म्हणजे पुढच्या झाडाचं फळ खाल्लेला आणि मागच्या झाडाचं खाल्लेला यांच्यात दोन दर्ज्यांचं अंतर पडलं. तुमच्या कादंबरीतला गुरू आणि त्याला मारणारा यांच्यातही तेच अंतर आहे.

याच कादंबरीतला वानर सून वू-खोंग सगळी कुलपं एकेक करून लावतो. गुरूकडून दीर्घायुष्याची विद्या घेतो, मग यमलोकात जाऊन वहीतलं आपलं नाव खोडतो (तिथे त्याच्या नावापुढे ३४२ वर्षं लिहिलेली असतात), मग स्वर्गातले पीच, दैवी मद्य आणि लाओत्सेच्या गुटिका फस्त करतो. म्हणूनच स्वर्गात तलवार, आग आणि वीज चालवूनही त्याला इजा होत नाही.

याच कादंबरीतला भिक्षू ज्या खऱ्या यात्रेकरूवरून रचला, त्या ह्युएन-त्संगनं दक्षिण कोसलात, म्हणजे आपल्याला पूर्वेकडे लागून असलेल्या छत्तीसगडच्या पट्ट्यात, एक आख्यायिका ऐकून लिहून ठेवली. बौद्ध आचार्य नागार्जुनाला रसायनाची गुटिका साधली होती. तो आणि त्याचा आश्रयदाता राजा शेकडो वर्षं जगले. राजपुत्राला राज्य कधी मिळणारच नव्हतं. आईच्या सांगण्यावरून तो नागार्जुनाकडे गेला आणि त्याचं मस्तक दान मागितलं. नागार्जुनानं सुकलेल्या गवताच्या पात्यानं स्वतःचा गळा चिरला, आणि ते ऐकून राजाही शोकानं गेला. गुटिकेनं म्हातारपण अडवलं होतं. गवताचं पातं आणि दुःख तिच्या हिशेबात नव्हतं.

प्रश्न : पायऱ्यांचा नेमका क्रम काय? प्रत्येक पुस्तकात वेगळाच असतो. आणि त्या वेळी शरीरात काय होतं? – इयत्ता नववीतला वाचक, त्रिमूर्तीनगर

नावं बदलतात, पण सांगाडा बहुधा तोच असतो. छी-शोधन, पायाभरणी, सुवर्णगुटिका, आद्यबालक, देवरूप, शून्यशोधन, देहैक्य, महायान आणि संकट-पार. त्यानंतर आकाशगमन, आणि मग खरा सिद्ध. बऱ्याच कादंबऱ्यांत पायाभरणीला २०० वर्षं आयुष्य मिळतं, सुवर्णगुटिकेला ५००, आद्यबालकाला १००० आणि देवरूपाला २०००.

शरीराचं गणित वाफ, पाणी, घन असं लक्षात ठेव. बेंबीच्या तीन बोटं खाली ‘दानत्येन’ नावाची जागा. सुरुवातीला तिथे छी, म्हणजे प्राणशक्ती, वाफेसारखी विरळ साठते. पायाभरणीत ती दाबून द्रव होते. सुवर्णगुटिकेच्या वेळी त्या द्रवाची गोळी बनते. इथे घाई केली तर गोळीला तडा जातो किंवा ती हलक्या प्रतीची बनते, आणि हलक्या गोळीतून पुढे बालक जन्मत नाही. म्हणून शहाणी पात्रं पायाभरणीच्या शेवटी मुद्दाम थांबतात आणि औषधी गोळ्या खाऊन चढवलेली कच्ची शक्ती घोटून पक्की करतात.

खरा बदल होतो चौथ्या पायरीवर. गोळी फुटते आणि आतून साधकाच्याच चेहऱ्याचं बोटभर बाळ बाहेर येतं. आता देह मेला तरी ते बाळ निसटू शकतं, म्हणजे तिसरं कुलूप लागलं. पण उघड्यावर ते फार टिकत नाही, त्याला लवकर दुसरा देह गाठावा लागतो. हा परकायाप्रवेश अनेक कथांत जन्मात एकदाच करता येतो, आणि तोही आपल्यापेक्षा खालच्या पातळीच्या माणसातच. हे नियम लेखकानं आधी सांगितले नसतील, तर पुढे खलनायक पुन्हा पुन्हा जिवंत होणार असं समजून वाच.

ही कल्पना आजच्या लेखकांची नाही. ताओ पंथाच्या अंतर्गत किमयेचं सूत्रच असं आहे : सत्त्वाचा प्राण करा, प्राणाचं चैतन्य करा, चैतन्य शून्यात परत न्या. छी-शोधन, देवरूप, शून्यशोधन ही नावं सरळ तिथून उचलली आहेत. पोटात वाढणारं सिद्ध बालकही तिथलंच.

प्रश्न : महायान हा बौद्ध धर्मातला शब्द. तो लढाईच्या गेममध्ये पातळीचं नाव कसा झाला? दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्याला हे खटकतं. – वाचक, लक्ष्मीनगर

खटकणं रास्त आहे. ‘दाचंग’ म्हणजे मोठं यान, हा महायानाचा शब्दशः चिनी अनुवाद. इथे धर्माचा विचार येत नाही, फक्त ‘सर्वांत मोठा टप्पा’ एवढाच अर्थ उरतो.

पण या कथांत आपले शब्द याहून खोल रुतले आहेत. साधकावर वीज कोसळते त्या संकटाला चिनीत ‘ज्ये’ म्हणतात. हे ‘ज्ये-पो’चं लघुरूप, आणि ज्ये-पो म्हणजे आपला ‘कल्प’. कल्पाच्या शेवटी जगाचा नाश होतो, म्हणून कल्प या शब्दाला हळूहळू ‘महासंकट’ हा अर्थ आला. ‘मो’, म्हणजे दुष्ट साधक किंवा मनातला राक्षस, हा बुद्धाला आडवा आलेला ‘मार’. साधकाला ध्यानात दिसणारे मोह आणि भास यांना गेममध्ये ‘हार्ट डेमन’ म्हणतात. तो मनातला मारच आहे.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. बौद्ध ग्रंथांत देवांनाही मरण आहे आणि त्याची पाच चिन्हं दिली आहेत : माळेतली फुलं कोमेजतात, वस्त्रं मळतात, काखेत घाम येतो, अंगाला दुर्गंधी येते, आणि आपल्या आसनावर मन रमत नाही. काही कादंबऱ्यांत वरच्या दर्ज्याच्या सिद्धांची हीच अंतिम परीक्षा असते. एखाद्या तेजस्वी पात्राच्या गळ्यातला हार सुकल्याचं वाक्य सहज येऊन गेलं, तर ते पात्र आता जाणार हे जाणकार वाचक ओळखतो.

प्रश्न : साधना चांगली केली तरी आकाश वीज का मारतं? आणि गेममध्ये या संकटात माझं पात्र दर वेळी का मरतं? – वाचक, जरीपटका

माणसानं म्हातारं होऊन मरावं हा आकाशाचा नियम. तो मोडणाऱ्याकडून आकाश वसुली करतं. वर सांगितलेल्या वानराला त्याचा गुरू बजावतो की ५०० वर्षांनी वीज पडेल, पुढच्या ५०० वर्षांनी तळपायातून आग उठेल, आणि आणखी ५०० वर्षांनी टाळूतून वारा शिरून हाडं-मांस विरून जाईल. ही तीन संकटं चुकवायलाच तो ७२ रूपं शिकतो. रूपांतराची विद्या हा त्याचा लपायचा उपाय होता, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

तुमचं पात्र मरतं त्याची कारणं बहुधा तीन. आदल्या दिवशी शक्तिवर्धक गुटिका एकावर एक खाल्ल्या असतील, तर गुटिकेचं विष अंगात साठतं आणि पाया डळमळतो. आकडा मोठा दिसतो, पण विजेचा मारा साधनेच्या पायावर होतो. दुसरं, संरक्षणाची सगळी शस्त्रं पहिल्या विजेलाच बाहेर काढली असतील. विजा क्रमानं वाढत जातात, पुष्कळ कथांत नऊ-नऊच्या नऊ फेऱ्या, म्हणजे ८१. स्वस्त साधनं आधी जाळा, चांगलं चिलखत शेवटच्या फेरीला ठेवा. तिसरं, मदतीला दुसरं पात्र शेजारी उभं केलं असेल. या कथांचा रूढ नियम असा की विजेच्या वर्तुळात दुसरा शिरला की आकाश त्याचीही शक्ती मोजतं आणि वीज दोघांच्या बेरजेइतकी होते.

हरणारा प्रत्येक जण मरतोच असं नाही. देह जळाला, पण आत्मा वाचला, अशाला काही कादंबऱ्यांत ‘मोकळा सिद्ध’ म्हणतात. त्याला वर जाता येत नाही, आणि ठरावीक काळानं संकट पुन्हा येतं, पहिल्यापेक्षा जड.

प्रश्न : आम्ही तिघं मिळून मराठीत असाच एक गेम करतो आहोत. पातळ्या नऊ ठेवल्यात. आकडे कसे धरावेत? – अभियांत्रिकीचे विद्यार्थी, अंबाझरी

हा प्रश्न आम्हाला सर्वांत आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

शक्तीपासून सुरू करा. नऊ पातळ्या म्हणजे आठ उड्या. प्रत्येक उडीला दहापट वाढ ठेवली तर शेवटचं पात्र पहिल्याच्या १० कोटी पट होतं. पात्राचे सुरुवातीचे प्राण (हेल्थ) १०० असतील तर शेवटी १००० कोटी, आणि ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढचा आकडा मावत नाही. तो उलटून उणे किंवा भलताच होतो आणि तुमचा महासिद्ध जन्मतःच मेलेला निघू शकतो. तिप्पट ठेवली तर शेवट ६५६१ पटीवर येतो. तो खेळणाऱ्यालाही समजतो आणि मशीनलाही झेपतो.

पातळीच्या आत आरंभ, मध्य, उत्तर आणि शिखर असे चार टप्पे करा, आणि दर टप्प्याला सव्वापट वाढ द्या. शिखरावरचा आरंभापेक्षा जवळजवळ दुप्पट होतो, आणि तिथून पुढच्या पातळीचा आरंभ दीडपटीच्या थोडा वर राहतो. हे अंतर चांगल्या शस्त्रानं आणि डोक्यानं भरून निघतं. नायकानं वरच्या पातळीच्या शत्रूला हरवणं हा या कथांचा प्राण. दहापट अंतरात तो प्रसंग खोटा वाटतो.

आता आयुष्य. इथेच गेम तरतो किंवा बुडतो. बाराव्या वर्षी सुरुवात करणारा सामान्य साधक घ्या. छी-शोधनाला ४० वर्षं धरा, म्हणजे वय ५२. पायाभरणीला ९०, वय १४२, मर्यादा २००. सुवर्णगुटिकेला २८०, वय ४२२, मर्यादा ५००. आद्यबालकाला ६०० लावली तर वय १०२२ होतं आणि मर्यादा १०००. म्हणजे तो २२ वर्षं कमी पडून मरतो. ही २२ वर्षं म्हणजेच तुमची गोष्ट. ती मिळवायला त्याला आयुष्यवर्धक गुटिका, चांगली गुहा किंवा अर्धवट सोडलेली मैत्री यांतलं काहीतरी शोधावं लागेल. साधनेचा वेळ आयुष्यापेक्षा हळू वाढवला, तर कोणालाच घाई राहत नाही आणि खेळणारा नुसता बटण दाबत बसतो. गुटिकेचा परिणाम मात्र दुसऱ्या वेळी निम्मा करा, नाहीतर लोक गुटिका साठवून मर्यादाच निरर्थक करतील.

पातळी ओलांडण्याच्या प्रयत्नाला सरसकट ३० टक्के यश ठेवू नका. ओळीनं पाच वेळा हरणारे साधारण १७ टक्के निघतात, आणि ते गेम सोडतात. प्रत्येक अपयशानंतर १० टक्के वाढवा, म्हणजे ३०, ४०, ५०, ६०, ७०. पाचही वेळा हरणारे मग अडीच टक्केच राहतात. कथेतही याला आधार आहे : फसलेला प्रयत्न अनुभव देऊन जातो.

शेवटच्या पायरीला नुसती शक्ती पुरेशी ठेवू नका. गे होंगचा हिशेब घ्या. भूसिद्धाला ३०० सत्कृत्यं लागतात, स्वर्गसिद्धाला १२००. आणि ११९९ झाल्यावर एक दुष्कृत्य घडलं तर आधीची सगळी वाया जाऊन मोजणी पहिल्यापासून. गेममध्ये हे जसंच्या तसं फार कडक होईल, पण दुष्कृत्यानं मोजणी निम्मी होणं चालेल. एक करा : हा आकडा खेळणाऱ्याला पडद्यावर दाखवू नका. दाखवला की लोक एकाच भिकाऱ्याला ३०० वेळा नाणं देत बसतात.

प्रश्न : स्नेहसंमेलनाच्या नाटकात अमृतगुटिका दाखवायची आहे. मूळ गुटिका हिंगुळाची असते असं वाचलं. इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात विचारू का? – वाचक, इतवारी

नका. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. तापवला की पारा वेगळा होतो, आणि त्याची वाफ रंगहीन आणि वासहीन असते. खोली भरली तरी कळत नाही. लाल दगडातून चकाकता द्रव निघतो आणि पुन्हा लाल होतो, याच गुणावर जुन्या चिनी किमयागारांची श्रद्धा बसली. नऊ वेळा फिरवलेली गुटिका तीन दिवसांत सिद्ध करते, एकदा फिरवलेलीला तीन वर्षं लागतात, असं गे होंग लिहितो. थांग घराण्याचा सम्राट वूत्सोंग सन ८४६ मध्ये अशाच गुटिकांच्या विषबाधेनं गेला.

नाटकाला साबणाएवढी शाडू पुरे. सुपारीएवढ्या गोळ्या वळा, दोन दिवस सावलीत वाळवा (उन्हात तडे जातात), गेरूचा हात द्या आणि वरून सोनेरी पोस्टर रंग कोरड्या ब्रशनं फिरवा. रंगमंचावर गिळायची असेल तर तेवढी एक खजूर-खोबऱ्याची करा आणि वेगळ्या डबीत ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर ‘कोर झाला, आता सोल’ करत राहते. मागच्या महिन्यात फोनवरून पैसेही गेले. काय करावं? – एक आई, सक्करदरा

ताई, ‘कोर’ म्हणजे वर सांगितलेली सुवर्णगुटिका आणि ‘सोल’ म्हणजे आद्यबालक, याच पायऱ्या. हे गेम बहुधा आपोआप चालणारे असतात. फोन बंद असतानाही साधना वाढते, पण काही तासांनी साठा भरतो, म्हणून मूल पुन्हा पुन्हा उघडून बघतं. पैसे जातात ते पातळी ओलांडताना : ‘यशाची शक्यता वाढवणारी गुटिका’ नेमकी त्याच क्षणी समोर येते. आधी फोनमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा आणि जतन केलेलं कार्ड काढून टाका. मग मुलाशी ठरवा की दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, साठा गोळा करायचा. अशा गेममध्ये साठा भरायच्या आधी उघडून फारसं जास्त हाती लागत नाही, आणि हे तो स्वतःच आकडे मांडून तुम्हाला दाखवू शकेल. त्याला मांडायला सांगा.

प्रश्न : या कथा मराठीत आणायच्या तर शब्द कोणते वापरावेत? – भाषांतरकार, धरमपेठ

‘इमॉर्टल’साठी ‘सिद्ध’ घ्या, ‘अमर’ नको, म्हणजे पहिल्या पत्रातला गोंधळच उरणार नाही. ‘अमर’ हा शब्द चारही कुलपं लागलेल्यासाठी राखून ठेवा. छी तशीच ठेवली तर मराठी कानाला किळसेचा उद्गार वाटतो, म्हणून संवादांत ‘प्राण’ किंवा ‘प्राणशक्ती’ बरी. परकायाप्रवेश हा शब्द नवनाथांच्या कथांमुळे घरोघरी माहीत आहे, तो जसाच्या तसा चालतो.

अडचण येते ती ‘फेईशंग’ला, म्हणजे देहासकट वर उडून जाण्याला. तुकोबांमुळे आपल्याकडे ‘सदेह वैकुंठगमन’ आहे, पण तो शब्द इथे वापरू नये. तुकोबांचं जाणं भक्तीचं, विठ्ठलाच्या बोलावण्याचं. चिनी साधक आकाशाशी झुंजून वर चढतो आणि तिथेही त्याला खालच्या दर्ज्यापासून सुरुवात करावी लागते. ‘आकाशारोहण’ किंवा साधं ‘वर जाणं’ घ्या. जुनी चिनी कथा ‘वर जाणं’ म्हणूनच नीट उतरते : ह्वाइनानचा राजा ल्यू आन गुटिका खाऊन वर गेला, अंगणात सांडलेला उरलासुरला अर्क कोंबड्यांनी आणि कुत्र्यांनी चाटला, आणि तीही त्याच्या मागोमाग वर गेली. कुत्रा ढगात भुंकत होता आणि कोंबडा आभाळात आरवत होता.